उन्हाची लाट ओसरली, मग गाय आता का तापली? गोचीड तापाचा दरवर्षीचा घोळ

तक्रार जुनीच आहे. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात खटाव, माण, खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, कुठेही विचारा, शब्द तेवढे बदलतील. एप्रिलच्या मध्यावर किंवा मेमध्ये चार-सहा दिवस असे येतात की पारा चाळिशीच्या वर जाऊन बसतो. संकरित गाई धापा टाकतात, दूध उतरतं, घरातले सगळे ओली बारदानं आणि पंखे यांच्यामागे लागतात. मग वळीव पडतो, हवा पालटते, गाई पुन्हा गव्हाणीत तोंड घालतात. सुटलो म्हणेपर्यंत दीड-दोन आठवडे जातात आणि एखादी कालवड किंवा नुकतीच व्यालेली एचएफ (होल्स्टीन जातीची संकरित) गाय चारा सोडते. अंग तापलेलं, डोळ्यांतून पाणी, खांद्यापुढं गाठ. डॉक्टर गोचीड ताप सांगतात, महागडं इंजेक्शन होतं. गाय वाचली तर वाचली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

यावर गोठ्यात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे "ऊन बाधलं", दुसरं म्हणजे "गोचीड झाले". दोन्ही बरोबर, पण अर्धी. ऊन गाईवर त्याच दिवशी उतरतं आणि गोचिडाच्या आतल्या रोगजंतूचं काम काही दिवसांनी दिसतं, म्हणून आपण दोन्हीचा संबंध जोडत नाही. लाटेच्या चार दिवसांत आपण फक्त ऊन बघतो, ताप आल्यावर फक्त गोचीड बघतो. मधल्या दहा-बारा दिवसांत कोणी काही करत नाही, आणि करण्यासारखं जे काही असतं ते बरंचसं त्याच दिवसांत असतं.

आधी ठरवा: ऊन की गोचीड?

ही पायरी चुकली की पुढचा सगळा खर्च वाया. त्यासाठी गोठ्यात एक डिजिटल थर्मामीटर हवाच. तो शेणाच्या जागी घालून घ्यायचा, हात लावून "अंग कोमट लागतंय" एवढ्यावर भागत नाही.

निरोगी गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. लाटेच्या दुपारी धापणाऱ्या गाईचं १०४ किंवा त्याहून जास्त दिसू शकतं, म्हणून दुपारच्या एकाच आकड्यावरून काहीच ठरवू नका. खरा आकडा पहाटेचा, धारांच्या आधीचा. उन्हानं तापलेली गाय रात्रीच्या गारव्यात निवते. सावली, पाणी आणि पंखा मिळाला तर तास-दोन तासांतही आकडा उतरायला लागतो. गोचीड तापाची गाय पहाटेही १०४ ते १०६ च्या घरात राहते आणि पाणी मारल्यानं तिला फारसा फरक पडत नाही.

दुसरी खूण, किती जनावरं आजारी आहेत? ऊन लागतं तेव्हा जास्त दूध देणाऱ्या सगळ्या गाई एकदम मलूल होतात, कमी-अधिक इतकंच. गोचीड ताप बहुधा एकीला येतो, मग चार दिवसांनी दुसरीला. शेजारच्या गाई निवांत रवंथ करत असताना एकच गाय मान टाकून उभी असेल तर उन्हाला दोष देऊ नका.

तिसरी खूण हाताची. खांद्याच्या हाडापुढं, मानेच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लसिका ग्रंथी असतात. एरवी त्या शोधाव्या लागतात. थायलेरियात, म्हणजे ज्याला आपण गोचीड ताप म्हणतो त्यात, त्यातली एक किंवा दोन्ही सुजून टच्च होतात, बोटांना लगेच लागतात. ही सवय निरोगी गाईवर आधीच करून ठेवा, म्हणजे सूज आलेली कळेल. सोबत खालची पापणी ओढून आतला रंग बघा. गुलाबी असायला हवा. फिकट पांढरा किंवा पिवळट असेल तर रक्त कमी होतंय.

लघवी कॉफीच्या रंगाची येत असेल तर तो बहुधा बबेसिया, म्हणजे आपल्याकडे ज्याला तांबडी लघवी म्हणतात तो आजार. पापणी पांढरी-पिवळी, शेण घट्ट, पण लघवीचा रंग साधा असेल तर डॉक्टर ॲनाप्लाझ्माचा विचार करतील. तिन्ही गोचिडाशी जोडलेले, पण तिन्हींची औषधं वेगळी. बबेसियावर चालणारं डिमिनाझिन थायलेरियाला पुरत नाही, त्यासाठी बुपार्वाक्वोन लागतं. ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. म्हणून "मागच्या वेळी जे दिलं होतं तेच द्या" असं डॉक्टरांना सांगू नका.

ताप उतरवणारं इंजेक्शन आधी आणि रक्ताचा नमुना नंतर, हा क्रम फार घरांत चालतो. तो उलटा करा. आधी तापमान लिहून ठेवा, रक्त काढू द्या, मग पुढचं. रक्ताची नळी शर्टाच्या खिशात किंवा मोटारसायकलच्या डिकीत घालून उन्हातून तालुक्याला नेऊ नका, बर्फाच्या डब्यात न्या. कानाच्या टोकाच्या थेंबाची काचपट्टी जागेवरच करता येते आणि खूपदा तेवढ्यावर काम होतं.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट. पूर्वी आजारी पडून बरी झालेली संकरित गाय पुढं बराच काळ थायलेरियाची वाहक राहते. तिच्या तांबड्या पेशींत तुरळक जंतू दिसतात आणि ती धडधाकट असते. त्यामुळं रिपोर्टमध्ये "थायलेरिया आढळला" एवढं लिहून आलं म्हणजे आजचा ताप त्याचाच असं होत नाही. सुजलेल्या ग्रंथीतून सुईनं घेतलेल्या नमुन्यात पांढऱ्या पेशींमधली अवस्था दिसली तर आजार चालू आहे. डॉक्टरांना थेट विचारा, जंतू कुठल्या पेशींत दिसले? प्रश्न विचारल्याबद्दल कोणी रागावत नाही.

लाटेत आत काय घडतं

हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणतं ते कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तेव्हा. गाईची सीमा याच्या फार अलीकडं आहे. तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईवर ताण सुरू होतो, आणि ७२ हा आकडा २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेलाच येतो. आता गंमत बघा. म्हसवडच्या कोरड्या हवेत ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर निर्देशांक ८४ च्या आसपास येतो. कृष्णाकाठी वाळवा-पलूसकडं ऊस पाजलेल्या शिवारात ३६ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर तो ८६ येतो. म्हणजे पारा कमी दाखवत असला तरी काठावरच्या गाईला त्रास जास्त. "आमच्याकडं कुठं चाळीस होतंय" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ताणाखाली गाय कमी खाते, रवंथ घटतो, अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि प्रतिकारशक्ती मंदावते. जंतू आधीपासून दबलेला असेल तर त्याला मोकळीक मिळते आणि नवा आला तर अडवणारं कोणी तयार नसतं. नुकतीच व्यालेली, गाभण काळाच्या शेवटी असलेली आणि लांबून आणलेली नवी गाय यात आधी सापडते, कारण तिच्यावर दुसरा ताण असतोच. एप्रिलमध्ये बाहेरून गाय विकत आणणं मला तरी जुगारच वाटतो, किंमत कितीही पडलेली असो.

गोचिडाचं काय होतं हे मात्र तो त्या दिवसांत कुठं आहे यावर ठरतं.

गाईच्या अंगावर असलेल्याला लाट फारशी जाणवत नाही. कासेच्या, मांडीच्या, शेपटीखालच्या कातडीचं तापमान बाहेरच्या पाऱ्याइतकं चढ-उतार करत नाही. आपल्याकडचा निळसर-करडा, फुगून एरंडाच्या बीसारखा दिसणारा गोचीड अळीपासून फुगलेल्या मादीपर्यंतचं सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढतो, साधारण तीन आठवडे. बबेसिया पसरवणारा हाच. याच्या मादीकडून जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, त्यामुळं नवी पिलावळ जन्मतःच तयार असते.

गोठ्याच्या भिंतीत असलेल्याची गोष्ट वेगळी. थायलेरिया पसरवणारा तपकिरी, लांब आणि पट्टेदार पायांचा हायलोमा हा भेगांमध्ये राहणारा. दगडी भिंतीच्या सांधी, गव्हाणीच्या खालची फट, खुंट्याभोवतीची माती, पत्र्याखालच्या लाकडाच्या चिरा, ही त्याची घरं. तो एका अवस्थेत जनावराचं रक्त पितो, खाली पडतो, कात टाकतो आणि पुढच्या अवस्थेत पुन्हा चढतो. जंतू त्याच्या अंड्यांतून जात नाही. पिल्लं आजारी किंवा वाहक गाईचं रक्त पिऊन तो घेतात आणि मोठी झाल्यावर दुसरीला देतात. म्हणून वाहक गाय आणि भेगाळ भिंत एकाच गोठ्यात असतील तर बाहेरून काही यावं लागत नाही.

आता या भेगेतल्या गोचिडावर चार दिवसांच्या लाटेचा परिणाम दोन उलट दिशांनी होतो. कोरड्या उष्णतेत अंडी सुकतात आणि उघड्यावरच्या अळ्या मरतात. जनावर मिळेपर्यंत अळ्या काही खात नाहीत, साठवलेल्या शिदोरीवर जगतात आणि उष्णतेत ती शिदोरी लवकर संपते. इथपर्यंत ऊन आपल्या बाजूचं. पण ज्याला आतवर सावली आणि थोडी ओल मिळाली त्याची वाढ उष्णतेनं वेगात होते. अंडी लवकर फुटतात, कात लवकर पडते, भूक लवकर लागते. लाट संपली की हे सगळे एकदम बाहेर येतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गोचिडाच्या लाळग्रंथीतली. एरवी थायलेरियाचा जंतू तिथं अर्धवट अवस्थेत पडून असतो. गोचीड गाईला चिकटून रक्त प्यायला लागला की तो तयार होतो आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणूनच सांगतात की चिकटलेला गोचीड पहिल्या दिवसात काढला तर रोग टळू शकतो. पण उपाशी गोचिडाला सुमारे ३७ अंशांत ठेवलं तर रक्ताचा घोट न घेताही जंतू तयार होतो, हे १९७० च्या दशकातल्या प्रयोगांतच दिसलं होतं. आपल्या पत्र्याच्या गोठ्यात लाटेच्या दिवसांत भिंतीचं तापमान तिथवर सहज जातं. म्हणजे ती दोन-तीन दिवसांची सवलत लाटेनंतर मिळेलच असं नाही. "रविवारी सगळ्यांचे गोचीड वेचू" हा हिशेब हिवाळ्यात चालला असेल, उन्हाळ्यात तो धोक्याचा आहे.

मग अंगात शिरलेल्या जंतूला लक्षणं दाखवायला दहा ते पंचवीस दिवस लागतात. १५ ते १९ एप्रिल लाट होती असं धरा. लाटेत चावलेल्या गोचिडाचा ताप २५ एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत कधीही दिसेल. तोवर वळीव पडून गेलेला असतो आणि लाट कोणाच्या लक्षातही नसते.

आपल्याच उपायांनी गोचिडाची सोय होते ती कशी

यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण दरवर्षी परत येणाऱ्या तापाचं मूळ बऱ्याच गोठ्यांत इथं सापडतं.

लाटेत आपण पाणी मारतो. कुठं? गाईवर मारतो, जमिनीवर मारतो, भिंतीवर मारतो, पत्र्याखाली पोती ओली करून टांगतो, जमलं तर फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र लावतो. हवा गार होते, गाय बरी दिसते. पण कोरड्या उन्हानं जी अंडी सुकून गेली असती ती भिंतीच्या ओल्या भेगेत वाचतात. उष्णता आणि ओल या दोन गोष्टी एकत्र मिळाल्या की गोचिडाला आणखी काही लागत नाही. बंद गोठ्यात फॉगर चालू ठेवला तर आर्द्रता वाढून निर्देशांकही चढतो, म्हणजे गाईलाही नुकसान.

उपाय पाणी बंद करणं हा नाही. पाणी जायला हवं तिथंच जाऊ द्या:

– पाणी गाईच्या पाठीवर आणि कुशीवर, केसांच्या मुळापर्यंत भिजेल असं. वरवरच्या फवाऱ्यानं केस ओले होतात, कातडी कोरडीच राहते.
– लगेच वारा. पंखा किंवा उघडी बाजू. भिजवा, वाळू द्या, पुन्हा भिजवा. गारवा वाळण्यातून मिळतो.
– भिंत आणि गव्हाणीचा तळ कोरडा ठेवा. पाण्याला उतार द्या, खुंट्याजवळ चिखल साचू देऊ नका.
– ओलं बारदान टांगायचं तर वाऱ्याच्या उघड्या बाजूला, भिंतीला चिकटवून नाही. रोज खाली काढून उन्हात टाका.
– पत्र्यावर कडबा किंवा पाचट अंथरून, नाहीतर पांढरा चुना मारून तापणं बरंच कमी होतं. हे काम मार्चमध्येच.

माण-खटाव-जतच्या कोरड्या हवेत फॉगर उघड्या गोठ्यात चांगलं काम करतो. कृष्णा-वारणाकाठच्या दमट हवेत तोच पैसा मोठ्या पंख्यांवर घालावा, हे माझं मत. मुक्त संचार गोठा असेल तर अर्धा प्रश्न तिथंच सुटतो, कारण गाय स्वतः वाऱ्याची जागा शोधते आणि भिंती मुळातच कमी असतात. मात्र तिथं कुंपणाच्या दगडी बांधात आणि झाडाच्या सालीत गोचीड राहतात, ते बघायचं राहून जातं.

शेणाची उकिरड्याची जागा गोठ्याला लागून असेल तर ती लांब न्या. कारण सांगायला नको.

फवारणी कधी

हवामान खात्याचा लाटेचा इशारा आता दोन-चार दिवस आधी मिळतो. तो आला की गोठा आणि गाय दोन्हीची फवारणी एकाच दिवशी उरकून घ्या. फक्त गाईवर मारलं तर भिंतीतले वाचतात, फक्त भिंतीवर मारलं तर गाईवरचे. दुसऱ्या दिवशी भिंत करू म्हटलं की गोचिडांना जायला रात्र मिळते. आधी सगळं शेण-कचरा काढून भिंत घासायची, भेगांत नळीनं औषध सोडायचं, आणि वाळल्यावर भेगा सिमेंटनं बुजवायच्या. दगडी जुना गोठा असेल तर दर वर्षी एक भिंत लिंपून घ्या, एकदम सगळं होत नाही. भेगा जाळायची फ्लेमगन चांगली आहे, पण शेजारी कडब्याची गंज असेल तर तिचा नाद सोडा.

लाट चालू असताना भर दुपारी, धापणाऱ्या गाईवर औषध मारू नका. तापलेल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जाऊ शकतं आणि त्या वेळी गाय आधीच हैराण असते. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर मारा. पाण्यानं भिजवलेल्या अंगावरही नको, औषध पातळ होतं. फवारणीआधी गाईला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती अंग चाटून औषध पोटात घेणार नाही. वासरांना आईपासून वेगळं ठेवा आणि कास धुतल्याशिवाय धार काढू नका.

लाट संपल्यावर काम संपलं असं समजू नका. लाटेनंतरचे पहिले दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी हात फिरवून बघायचं, कानाच्या आत, गळ्याच्या पोळीच्या घडीत, कासेच्या मागं, शेपटीच्या बुडाशी. हायलोमा तिथं जास्त सापडतो. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकायचा. नखानं किंवा पायानं चिरडायचा नाही. हायलोमाची जात माणसाला होणाऱ्या क्रिमियन-काँगो तापाचीही वाहक आहे. भारतात तो २०११ मध्ये गुजरातेत पहिल्यांदा निश्चित झाला. घाबरायचं कारण नाही, हातमोजे घालायचं मात्र आहे.

त्याच दिवसांत रोज पहाटे तापमान घ्या, निदान संकरित कालवडी आणि नव्यानं व्यालेल्या गाईंचं तरी. वहीत लिहा. १०३.५ दिसलं की संध्याकाळी पुन्हा घ्या, आणि दुसऱ्या पहाटेही तेच असेल तर डॉक्टरांना बोलवा. गाय अजून खात असते, दूध थोडंच कमी असतं, आणि बुपार्वाक्वोन खरं कामाला येतं ते याच टप्प्यावर. रक्त उतरून पापणी पांढरी पडल्यावर जंतू मेला तरी गाय उठेलच असं नाही. मग रक्त चढवण्यापर्यंत गोष्ट जाते.

दुसरी फवारणी पहिल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत. पहिल्या औषधानं अंडी मरत नाहीत, त्यातून निघालेल्यांसाठी ही दुसरी.

"औषध मारलं तरी गोचीड हालत नाहीत"

तीन कारणं बघा, याच क्रमानं. प्रमाण कमी पडतंय का? पंपात टोपणाच्या अंदाजानं औषध टाकण्याची रीत सगळीकडं आहे. लेबलवर जे लिहिलंय ते मापानं घ्या. कमी प्रमाणात मेले ते अशक्त, वाचले ते तयार. मग, औषध पोचतंय का? एका मोठ्या गाईला दोन-तीन लिटर द्रावण लागतं, आपण त्याहून बऱ्याच कमी द्रावणात गाय उरकतो. हे दोन्ही ठीक असेल तरच तिसरं, म्हणजे औषधाला गोचीड दाद देत नाहीत ही शंका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या गटाला सरावलेले गोचीड देशात अनेक भागांत आढळले आहेत. तेव्हा बदलायचं तर गट बदला, कंपनी नाही. सायपरमेथ्रिन सोडून डेल्टामेथ्रिन घेतलं तर बाटली तेवढी वेगळी. अमिट्राझचा गट वेगळा आहे. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला नको, ते दुधात उतरतं. भाकड आणि कालवडींसाठी डॉक्टर ठरवतील.

मेटारायझियम बुरशीचं जैविक औषध गोचिडावर वापरणारे वाढलेत, चांगली गोष्ट आहे. पण ती बुरशी २५ ते ३० अंशांत नीट वाढते. पस्तिशीच्या पुढं ती मंदावते आणि कडक उन्हात तिचे बीजाणू मरतात. लाटेत तिच्यावर पैसे घालू नका. पावसाळ्याच्या तोंडाला, संध्याकाळी, भिंतीच्या सावलीच्या बाजूला मारा, तिथं तिचा उपयोग होईल.

देशी कोंबड्या गोठ्यात सोडल्या तर गोचीड टिपतात हे खरं आहे. त्यांच्यावर भिस्त ठेवून फवारणी चुकवणं खरं नाही.

लस

संकरित जनावरांसाठी थायलेरियाची लस आहे. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळं मेडिकलच्या फ्रिजमध्ये मिळत नाही, आधी मागणी नोंदवावी लागते. टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, काही आठवडे जातात. लाटेत दमलेल्या गाईला टोचण्यात अर्थही नाही. म्हणून ती डिसेंबर-जानेवारीत, थंडी असताना. पुसेगावच्या सेवागिरींच्या यात्रेचे दिवस ही माझी खूणगाठ आहे: बाजार बघून आलो की लसीचा फोन करायचा. गाभण गाईचं डॉक्टरांना विचारून. लस बबेसिया किंवा ॲनाप्लाझ्माला चालत नाही आणि गोचीडही थांबवत नाही, त्यामुळं भिंत लिंपायचं काम टळत नाही.

खिलारला का होत नाही?

होतो, पण सहसा इतका जोर धरत नाही. पातळ कातडी, आखूड चकचकीत केस, घाम जास्त, दूध कमी म्हणून अंगात तयार होणारी उष्णताही कमी. गोचीडही तिच्यावर कमी टिकतात, काही कातडीच्या थरकापानं आणि चाटण्यानं, काही अंगच्या प्रतिकारानं. पिढ्यान्पिढ्या खिलार आणि गोचीड एकाच माळावर वाढलेत. पण खिलार वाहक असू शकते, आणि तिच्याच शेजारी एचएफ बांधली असेल तर गोचीड आपला इकडून तिकडं जातो. खरसुंडीच्या बाजारातून आणलेलं खोंड थेट दुभत्या गाईंच्या रांगेत बांधू नका. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, फवारून घ्या, मग आत आणा.

मेंढ्या-शेळ्यांचं थोडक्यात

जत-आटपाडीकडचे मेंढपाळ विचारतात म्हणून. पोटातल्या तारेसारख्या रक्तपित्या जंताचं गणित साधारण याच धर्तीचं आहे. चरणीवरच्या अळ्या कोरड्या माळावर लाटेत मरतात. त्याही खात नाहीत, साठ्यावर जगतात. पण कॅनॉलच्या कडेला, पाजलेल्या उसाच्या बांधावर त्या टिकतात, आणि लाटेत हिरवं तेवढंच शिल्लक असल्यामुळं सगळा कळप तिथंच लोटतो. जंताचं औषध लाटेच्या आधी द्यावं की वळिवानंतर, याचं उत्तर कळप कुठं चरतो यावर आहे. कोरड्या माळावरच चरत असेल तर घाई नको. बांधावर चरत असेल तर लाटेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पापणीचा रंग बघा आणि ज्यांची पांढरी आहे त्यांनाच द्या. सगळ्यांना सरसकट पाजत राहिलं तर जंत औषधाला सरावतात आणि पुढं ते लागू पडत नाही.

डॉक्टरांना फोन करताना

सरकारी फिरत्या पथकाचा नंबर १९६२. फोनवर "गाय आजारी आहे, लवकर या" एवढंच सांगितलं तर डॉक्टर सगळ्याच तयारीनं येऊ शकत नाहीत. हे सांगा: पहाटेचं आणि दुपारचं तापमान, किती दिवसांपासून, खांद्यापुढची गाठ एका बाजूला की दोन्ही, पापणीचा आणि लघवीचा रंग, व्यायला किती दिवस झाले, गोचीड दिसले का आणि कुठले, शेवटची फवारणी कधी, कशाची, उन्हाची लाट कधी होऊन गेली, आणि आधी कोणी कुठलं इंजेक्शन दिलंय का. शेवटचं लपवू नका. शेजारच्या गावातून कोणी येऊन ताप उतरवून गेला असेल तर डॉक्टरांचा थर्मामीटर १०२ दाखवेल आणि निदान चुकेल. एकाच गोठ्यात दर वर्षी दोन-तीन जनावरं जात असतील तर एकट्यादुकट्या गाईचं रक्त न देता पाच-सहा जनावरांचे नमुने एकदम तपासून घ्या, वाहक कोण आहेत ते कळेल. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यासाठी विचारता येतं. जाण्याआधी फोन करून कुठल्या नळीत आणि किती रक्त लागेल ते विचारून घ्या.